लेबलावरची तारीख आणि पुडीतील चूर्ण
(औषधी कल्पांतील अभिक्रिया व विसरण यांच्या गतीविषयी)

आषाढ-श्रावणात मीरा-भाईंदर परिसरातील चिकित्सालयांत एक प्रसंग ठरलेला असतो. तीन आठवड्यांपूर्वी दिलेली लवणभास्कर चूर्णाची पुडी घेऊन रुग्ण परत येतो. चूर्णाचा ओलसर गोळा झालेला असतो आणि कागदाला डाग पडलेले असतात. आपण कपाटातील मूळ डबा काढून त्यावरील तारीख त्याला दाखवतो. मुदत संपण्यास अद्याप वर्ष-दीड वर्ष अवकाश असतो. रुग्ण मान डोलावतो. पण त्याचे समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर आपलेही होत नाही. तारीख खोटी नसते आणि गोळाही खोटा नसतो. मग चूक कोठे झाली?

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रातील दोन प्राथमिक संकल्पनांत आहे. एक, अभिक्रियेची गती; म्हणजे दोन द्रव्ये एकमेकांना भेटल्यावर त्यांच्यात बदल किती वेगाने घडतो. दुसरी, विसरणाची गती. म्हणजे पाणी, प्राणवायू यांसारखे लहान रेणू मुळात त्या द्रव्यापर्यंत किती वेगाने पोहोचतात. प्रस्तुत लेखात या दोन गतींवर परिणाम करणाऱ्या घटकांचा, आपल्या नित्य व्यवहारातील कल्पांच्या आधारे, विचार करावयाचा आहे. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. हे घटक आपण औषधनिर्मितीत रोज हाताळतो. त्यांची नावे मात्र वेगळी असतात.

दोन पायऱ्यांचा प्रवास

कोणताही कल्प हीनवीर्य होताना दोन पायऱ्या घडतात. पहिली पायरी आगमनाची. हवेतील बाष्प किंवा प्राणवायू डब्याच्या भिंतीतून, झाकणाच्या फटीतून, चूर्णाच्या कणांमधील पोकळीतून आत शिरतो व औषधी घटकाजवळ येतो. दुसरी पायरी बदलाची. जवळ आलेला रेणू त्या घटकावर क्रिया करतो; तेल खवट होते, टॅनिनाचे विघटन होते, रंग पालटतो.

या दोन पायऱ्यांपैकी जी मंद, तीच एकूण वेग ठरवते. अरुंद पुलावर वाहनांची रांग लागली असता पुढचा रस्ता कितीही रुंद केला तरी प्रवास लवकर होत नाही, तसेच हे आहे. उघड्या परातीतील चूर्णास प्राणवायूची वाण नसते. तेथे वेग अभिक्रियेच्या हाती असतो. काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीतील घृतात प्राणवायूला खोलवर पोहोचण्यासच दिवसचे दिवस लागतात. तेथे वेग विसरणाच्या हाती जातो. कोणत्या कल्पात कोणती पायरी मंद आहे, हे ओळखले की कोणता उपाय लागू पडेल हेही ध्यानात येते.

निर्मितीत आपल्याला या दोन्ही गती वाढवायच्या असतात आणि साठवणीत त्याच दोन्ही रोखायच्या असतात. घटक तेच, दिशा उलटी. म्हणून प्रत्येक घटकाचा विचार या दोन्ही अंगांनी केला पाहिजे.

पहिला घटक : कणांचा आकार

एक सेंटिमीटर बाजूचा घनाकृती तुकडा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे एकूण क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६० चौ.सें.मी. होतो आणि एक दशांश मिलिमीटरचे केले तर ६०० चौ.सें.मी. द्रव्य तेवढेच, वजन तेवढेच. हवेला व पाण्याला उघडा पडणारा पृष्ठभाग मात्र शंभरपट. चूर्णासाठी आपण वापरतो त्या ८० क्रमांकाच्या चाळणीचे छिद्र सुमारे ०.१८ मिलिमीटरचे असते. म्हणजे वस्त्रगाळ चूर्ण करताना आपण नेमक्या याच टप्प्यात उतरतो.

शार्ङ्गधराचार्यांनी सांगितलेला सवीर्यतावधी या दृष्टीने पुन्हा वाचावा. वनौषधी वर्षभर, चूर्ण दोन महिने, गुटिका व अवलेह वर्षभर. तेच द्रव्य अखंड असता वर्षभर टिकते आणि दळले की दोन महिन्यांत हीनवीर्य होते. दळलेल्या चूर्णाची वटी वळली की अवधी पुन्हा वर्षावर जातो, कारण कण एकत्र दाबले जाऊन उघडा पृष्ठभाग घटतो व बाष्पास आत शिरण्याची वाट बिकट होते. पृष्ठभाग मोजण्याची साधने नसताना केवळ निरीक्षणावर बांधलेली ही उतरंड आजच्या रसायनशास्त्राशी इतकी जुळते, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

निर्मितीत हाच घटक आपल्या उपयोगी पडतो. क्वाथासाठी द्रव्य भरड कुटून घेण्याचा संकेत आहे. अखंड मुळी उकळली तर मधल्या भागातील सारद्रव्यास बाहेर येण्यास फार लांबचा मार्ग कापावा लागतो. वस्त्रगाळ चूर्ण उकळले तर सार लवकर उतरते, पण गाळणे कठीण होते व गाळ पोटात जातो. भरड हा या दोहोंतील व्यवहार्य मध्य आहे.

लोहमारणातील पुटांचेही तसेच. अग्नीत लोहकणाच्या पृष्ठभागावर प्राणवायूशी संयोग होऊन एक थर तयार होतो. पुढील प्राणवायूला या थरातून झिरपतच आत जावे लागते. थर जाड होत जातो तशी क्रिया मंदावते. वेळ चौपट दिला तरी थराची जाडी दुप्पटच होते. म्हणून एकच दीर्घ पुट देण्यापेक्षा प्रत्येक पुटानंतर मर्दन करून कण फोडणे, नवा पृष्ठभाग उघडा करणे व पुन्हा पुट देणे हाच मार्ग सयुक्तिक ठरतो. मर्दन टाळून पुटांची संख्या तेवढी मोजणाऱ्या निर्मात्याच्या भस्मात गाभा कच्चा राहण्याचा धोका येथेच निर्माण होतो.

दुसरा घटक : तापमान

तापमान वाढले की रेणूंची हालचाल वाढते हे सर्वज्ञात आहे. परंतु अभिक्रियेचा वेग त्या मानाने कितीतरी अधिक वाढतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये याचे कारण मांडले. अभिक्रिया घडण्यासाठी रेणूंना एक ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. तो ओलांडू शकणाऱ्या रेणूंची संख्या मुळात अल्प असते व तापमान थोडे वाढताच ती झपाट्याने वाढते. औषधांच्या विघटनातील अनेक अभिक्रियांसाठी ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की वेग दुप्पट ते तिप्पट होतो.

याचा अर्थ आपल्या गाळ्यांत काय होतो ते पाहू. तळकपाटात तापमान ३० अंश असेल आणि पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्याच्या दुपारी ते ४० अंशांवर जात असेल, तर खाली चोवीस महिन्यांत होणारी घट वर कायम ठेवलेल्या डब्यात आठ ते बारा महिन्यांत होऊ शकते. मोठ्या निर्मात्यांकडील त्वरित स्थैर्यपरीक्षा ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने चालते, ती याच तत्त्वावर. आपल्यापैकी ज्यांचा साठा पत्र्याखाली असतो, ते नकळत दर उन्हाळ्यात हीच परीक्षा आपल्या औषधांवर घेत असतात. फरक इतकाच, की निष्कर्ष कोणी नोंदवत नाही.

द्रवातील विसरण तापमानाने इतके वाढत नाही. पाण्यातील विसरण दर अंशामागे साधारण दोन ते अडीच टक्के वाढते; अभिक्रिया मात्र सात ते अकरा टक्के. तरीही उकळीपर्यंत गेल्यास फरक मोठा पडतो. २५ अंशांच्या पाण्याची श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, १०० अंशांवर तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी खाली येते आणि विसरण जवळजवळ चौपट होते. हिमकल्पनेत सहापट पाण्यात द्रव्य रात्रभर ठेवावे लागते. फांटात चौपट उष्ण पाण्यात थोडाच वेळ पुरतो. क्वाथात सोळापट पाणी आटवून अष्टमांश उरवले जाते. शीत ते उष्ण असा हा क्रम वेळ आणि ताप यांची अदलाबदल दाखवतो. सुगंधी, उडून जाणारी द्रव्ये फांटात वा हिमात घालण्याची परंपराही सार्थ आहे. ज्या उष्णतेने सार लवकर उतरते त्याच उष्णतेने गंध वाफेबरोबर निघून जातो.

तिसरा घटक : माध्यम आणि अंतर

विसरणाचे नियम १८५५ मध्ये मांडणारे आडोल्फ फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हृदयातून दर मिनिटास किती रक्त बाहेर पडते हे प्राणवायूच्या हिशेबावरून काढण्याचे फिक यांचे तत्त्व आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जाते. त्यांचा विसरणाचा नियम सोपा आहे. एखाद्या पडद्यातून द्रव्य किती वेगाने जाईल, हे पडद्याचे क्षेत्रफळ, दोन बाजूंच्या संहतीतील फरक आणि पडद्याची जाडी यांवर अवलंबून असते. क्षेत्रफळ वा फरक दुप्पट झाला की वेग दुप्पट, जाडी दुप्पट झाली की वेग निम्मा. चौथी गोष्ट पडदा कशाचा बनला आहे ही.

माध्यमाचा फरक प्रचंड असतो. प्राणवायूचे विसरण पाण्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजारपट वेगाने होते. हवेत एक सेंटिमीटर अंतर कापण्यास त्याला दोन-तीन सेकंद पुरतात. स्थिर पाण्यात तेवढ्याच अंतरास सुमारे सात तास लागतात. शिवाय अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. स्थिर पाण्यात एक मिलिमीटरला चार मिनिटे, एक सेंटिमीटरला सात तास, तर दहा सेंटिमीटरला जवळजवळ महिना. तेल-तुपात श्यानता अधिक असल्याने हा प्रवास आणखी रेंगाळतो.

यावरून सिद्ध घृत-तैलांविषयीचा एक व्यवहार स्पष्ट होतो. उंच, अरुंद तोंडाच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या बरणीत खालचे घृत वरच्या थराने राखले जाते. तेच घृत पसरट डब्यात अर्धे भरून ठेवले, रोज चमच्याने ढवळले, तर आपण प्राणवायूची महिन्याची वाटचाल क्षणात संपवून देतो. शार्ङ्गधरांनी घृत-तैलांना चार महिन्यांचा अवधी दिला. काही टीकाकार तो वर्षावर चार, म्हणजे सोळा महिने असा लावतात. बरणी, तोंड आणि हाताळणी यांनी पडणारा फरक लक्षात घेता, दोन्ही अर्थांना अनुभवाचा आधार असू शकेल असे आम्हांस वाटते.

रेणूच्या आकारालाही महत्त्व आहे. टॉमस ग्रॅहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात वायूंविषयी दाखवून दिले, की रेणू जितका हलका तितका तो वेगाने पसरतो. वेग रेणुभाराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाण्याचा रेणुभार १८, प्राणवायूचा ३२, कापराचा १५२. म्हणजे हवेत पाण्याचे बाष्प कापराच्या बाष्पापेक्षा साधारण तिप्पट चपळ. आपल्या साठ्याचा सर्वांत मोठा शत्रू सर्वांत लहान आहे, हे विसरून चालणार नाही.

चौथा घटक : उत्प्रेरक

काही द्रव्ये स्वतः न संपता अभिक्रियेचा उंबरठा खाली आणतात व तिचा वेग वाढवतात. तांबे आणि लोह हे तेल-तुपाच्या खवटपणाचे परिचित उत्प्रेरक आहेत. अत्यल्प अंश पुरतो. आवळ्यातील क जीवनसत्त्वाचा नाशही तांब्याच्या सान्निध्यात वेगाने होतो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अन्नरक्षाध्यायात कांस्यपात्रात दहा दिवस राहिलेले घृत विरुद्ध म्हणून वर्ज्य सांगितले आहे. कांसे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. आजच्या भाषेत त्या निषेधाचे एक कारण याच पानावर लिहिता येईल.

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलची भांडी घडतात हे सर्वांना ठाऊक आहे. उत्तम प्रतीचे पातेले येथे दारात मिळते. तरीही काही ठिकाणी आमलकीचे व त्रिफळ्याचे कल्प कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात शिजताना दिसतात. पाठात लोहपात्र सांगितले असेल तेथे ते अवश्य वापरावे, कारण तेथे लोहाचा अंश अभिप्रेत असतो. अन्यत्र निष्कलंक स्टील वा काच हीच योग्य.

प्रकाशाचाही येथेच निर्देश केला पाहिजे. प्रकाश उंबरठा ओलांडण्यास लागणारी ऊर्जा थेट पुरवतो. दर्शनी काचकपाटात सजवलेल्या रंगहीन बाटल्यांतील सिद्ध तैले दुकानाची शोभा वाढवतात, पण विक्रीसाठी ठेवावयाचा माल तो नव्हे.

आपला देश आनूप

खाडी, समुद्र आणि मिठागरे यांच्या मध्ये वसलेले आपले शहर आयुर्वेदाच्या परिभाषेत आनूप देशात मोडते. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा किनारा. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता येथे ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहते. त्यामुळे फिक यांच्या नियमातील 'दोन बाजूंच्या संहतीतील फरक' हा घटक कोरड्या प्रदेशापेक्षा येथे सदैव आपल्या विरुद्ध असतो.

भाईंदरची मिठागरे आता पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. परंतु त्यांनी शिकवलेला धडा कायम आहे. विस्तीर्ण, उथळ वाफ्यांत खारे पाणी पसरल्याने बाष्पीभवनाचा पृष्ठभाग वाढतो आणि वारा पृष्ठाजवळची ओली हवा सतत वाहून नेतो. पण मिठाचे दाणे पडण्यासाठी हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असावी लागते. त्याहून आर्द्र हवेत शुद्ध मीठसुद्धा उलट हवेतून पाणी ओढून विरघळू लागते. म्हणून पावसाळ्यात आगरातील काम थांबते आणि मिठाच्या राशी झाकून ठेवाव्या लागतात.

लवणभास्कराच्या पुडीचे रहस्य हेच. सैंधवादी लवणे ७५ टक्क्यांवर पाणी ओढतात. समुद्रलवणात मॅग्नेशियम क्लोराइडाचा अंश असल्याने ते त्याआधीच ओलसर होते. यवक्षारातील पोटॅशियम कार्बोनेटाची मर्यादा तर सुमारे ४३ टक्के आहे. म्हणून क्षार वर्षभर जपावे लागतात. सितोपलादीतील खडीसाखर ८५ टक्क्यांपर्यंत तग धरते व भर पावसात मात्र हार मानते. निरनिराळी लवणे एकत्र आली की मिश्रणाची मर्यादा प्रत्येक घटकाच्या मर्यादेच्याही खाली येते, हेही लक्षात ठेवावे.

एकदा कणांवर पाण्याचा पातळ थर तयार झाला, की मग दोन्ही गती एकदम वाढतात. घन अवस्थेत जागच्या जागी अडकलेले रेणू त्या थरात विरघळून एकमेकांकडे सरकू लागतात. आम्ल व क्षार भेटतात, विघटन सुरू होते. बुरशीलाही याच पाण्याची प्रतीक्षा असते. चूर्णालगतची आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढू शकत नाही. गोळा झालेले चूर्ण फोडून, उन्हात वाळवून पुन्हा देणे म्हणूनच अयोग्य. वाळते ते पाणी, झालेली अभिक्रिया परत फिरत नाही.

डब्यातील हवा आणि डब्याची भिंत

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डबा उघडताना आत जाणारी दमट हवा हेच नुकसानीचे मुख्य कारण, असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहू. ३० अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असता एक लिटर हवेत सुमारे २६ मिलिग्रॅम पाणी असते. ओल्या चमच्याला लटकलेला एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा. म्हणजे दोन लिटर पावसाळी हवेइतका! क्षणभर उघडून घट्ट लावलेल्या झाकणापेक्षा ओला चमचा घातक, आणि त्याहून घातक दिवसभर सैल राहिलेले झाकण व रात्रंदिवस बाष्प झिरपू देणारी पातळ पिशवी.

काच व धातू यांतून बाष्प वा प्राणवायू व्यवहारतः जात नाही. तेथे कमकुवत जागा झाकणाची. कागदी पुडी बाष्पास जवळजवळ अडवतच नाही. प्लॅस्टिकांचे मात्र प्रकार आहेत. पॉलिथीन पाण्याचे बाष्प बऱ्यापैकी रोखते, पण प्राणवायू व सुगंधी तेले यांस सहज वाट देते. पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचे पेट हे प्लॅस्टिक प्राणवायूस पॉलिथीनपेक्षा कितीतरी अधिक रोखते, परंतु बाष्पाबाबत जाड, दुधी पॉलिथीनच्या बाटलीपेक्षा कमी पडते. कापूर, ओव्याचे सत्त्व, पुदिन्याचे सत्त्व हे रेणू पॉलिथीनमध्ये विरघळतात आणि पलीकडे निघून जातात. बंद पिशवीबाहेर येणारा कापराचा वास हा त्याचा रोजचा पुरावा. अशा द्रव्यांना काचेवाचून गत्यंतर नाही.

आता पुडीकडे येऊ. एक किलो चूर्णाच्या पिशवीतून पन्नास-पन्नास ग्रॅमच्या वीस पिशव्या भरल्या, तर आकार सारखाच मानल्यास प्रत्येक ग्रॅममागे पिशवीचे क्षेत्रफळ सुमारे २.७ पट होते. पुडीचे प्लॅस्टिक मूळ पिशवीच्या निम्म्या जाडीचे असेल, तर तेच चूर्ण पाचपटीहून अधिक वेगाने बाष्प घेऊ लागते. प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. लेबलावरची तारीख एकट्या औषधाची नसते. ती औषध आणि त्याचा मूळ डबा या जोडीची असते. औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१-ब नुसार ती तारीख लेबलावर छापली जाते. आपण औषध डब्यातून पुडीत काढले, की जोडी मोडते आणि त्या तारखेचा आधारही सुटतो.

संधान कल्पांचा अपवाद

आसव-अरिष्टे जुनी होतील तितकी गुणवान, असे शार्ङ्गधर सांगतात. त्यांतील स्वयंजनित मद्यार्क जंतूंना रोखतो व मंद अभिक्रियांनी कल्प परिपक्व होतो. पण हा अपवादही विसरणाच्या अटीवरच टिकतो. संधानपात्राचे मुख बंद करण्याचा आग्रह प्राणवायू रोखण्यासाठी आहे. तो आत झिरपत राहिला तर विशिष्ट जंतू मद्यार्काचे आम्ल करतात आणि अरिष्टाचे शुक्त होते. अर्धी रिकामी, सैल बुचाची अरिष्टाची बाटली वर्षानुवर्षे ठेवून ती जुनी म्हणून श्रेष्ठ मानणे, हा शास्त्रवचनाचा विपर्यास होय.

व्यवहारातील काही सूचना

१. ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात लवण, क्षार, शर्करा वा गुग्गुळ असलेले कल्प पुडीत एका वेळी सात ते दहा दिवसांपुरतेच द्यावेत. लांबून येणाऱ्या रुग्णास मूळ बंद डबाच द्यावा.

२. पुडीवर भरल्याचा दिनांक लिहावा. डब्यावरील तारीख पुडीवर उतरवू नये.

३. घृत-तैलांच्या मोठ्या बरण्या फोडण्याऐवजी लहान, गळ्यापर्यंत भरलेल्या काचेच्या बाटल्या घ्याव्यात.

४. साठा माळ्यावरून खाली आणावा. बाहेरच्या भिंतीस टेकून कपाट ठेवू नये. बोटभर अंतर सोडावे.

५. शीतकपाटात ठेवलेली बाटली बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये. थंड चूर्णावर दमट हवेतील पाणी दवासारखे साचते.

६. सिलिका जेलची पुडी उपयुक्त आहे, पण तीही भरून जाते. ती अधूनमधून सुमारे ११० अंशांवर तापवून कोरडी करावी. सैल झाकणाच्या डब्यात ती घालणे म्हणजे खाडीवर टीपकागद ठेवणे होय.

७. रुग्णास चमचा कोरडा वापरण्यास सांगावे. औषधाच्या मात्रेइतक्याच गांभीर्याने हे सांगितले जावे.

औषधनिर्माणशाळांच्या चालकांना एक विनंती. डब्याची किंमत चार-दोन रुपयांनी कमी करताना प्लॅस्टिकची जाडी व प्रकार बदलत असेल, तर कल्पाचा अवधीही बदलतो. पुरवठादाराकडून जाडी व प्रकार लेखी घ्यावा आणि नवा डबा जुन्या तारखेवर चालवू नये.

स्वतः करून पाहावी अशी परीक्षा

वरील विवेचन कोणी केवळ आमच्या शब्दावर मानू नये. दहा मिलिग्रॅम दाखवणारा काटा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पूर्ण कोरड्या सिलिका जेलचे वीस-वीस ग्रॅमचे चार भाग करावेत. एक कागदी पुडीत, एक नेहमीच्या पातळ पिशवीत, एक दुधी प्लॅस्टिकच्या बाटलीत व एक घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत बंद करावा. चारही औषधांच्याच कपाटात ठेवून श्रावणात चार आठवडे, आठवड्यातून एकदा, न उघडता वजन करावे. वाढलेले वजन म्हणजे आत शिरलेले पाणी. कागदी पुडीचा आकडा पहिल्याच आठवड्यात बोलू लागेल. सभासदांनी आपल्या नोंदी अवश्य कळवाव्यात. एकाच शहरातील खाडीकाठच्या व टेकडीकडच्या चिकित्सालयांची तुलना सर्वांनाच उपयोगी पडेल.

समारोप

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात भेषजागाराचे वर्णन करताना अग्नी, पाणी, ओलसर वाफ, धूर, धूळ व उंदीर यांचा शिरकाव होणार नाही अशी जागा सांगितली, भांडी नीट झाकण्यास सांगितले व ती शिंक्यात टांगून ठेवण्यास सांगितले. तापमान, आर्द्रता आणि आवरण हे तिन्ही घटक त्या एका वर्णनात आले आहेत. आपण शिंके सोडले आणि प्लॅस्टिक स्वीकारले. बदललेल्या साधनाबरोबर सावधगिरी मात्र बदलली नाही.

चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्याच्या अंगी 'संपत्' असावी असे सांगितले आहे. कल्प आपल्या हाती येतो तेव्हा ती बहुधा असते. रुग्णाच्या जिभेवर पोहोचेपर्यंत ती उरते की नाही, हे आपण निवडलेल्या पिशवीच्या जाडीवर आणि झाकणाच्या आट्यांवर अवलंबून असते. उपशय का मिळाला नाही याचा विचार करताना आपण निदान तपासतो, मात्रा तपासतो, पथ्य तपासतो. पावसाळ्यात त्या यादीत पुडीचीही भर घालावी, एवढेच आमचे सांगणे आहे.